डाव्या हाताचं सारवण

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नकोत. मी अंगारे-धुपारे करणाऱ्यातली बाई नाही. माझं लहानपण वाईत गेलं, घाटावरच्या घंटा ऐकतच मोठी झाले, तरी देवापुढं हात जोडताना माझं निम्मं लक्ष चुलीवरच्या दुधाकडं असायचं. पस्तीस वर्षं मास्तरकी केली. त्यात 'झपाटलेल्या' म्हणून आणलेल्या तीन पोरी मी एरंडेल पाजून बऱ्या केल्यात. तुमच्या या सदरातले निम्मे अनुभव मला अपचनाचे वाटतात... रागावू नका, पण वाटतात.

आता माझीच पाळी आली आहे, तर हसा खुशाल. ऐंशी जवळ आली. एकदा सांगून मोकळी होते.

साल त्रेचाळीस, पावसाळा सरत आलेला. गावाचं नाव देत नाही. ज्यांनी त्या दिवशी काठ्या चालवल्या त्यांची नातवंडं आज तिथे सुखानं नांदताहेत, त्यांच्या अन्नात कशाला माती कालवू? विट्यापासून सात-आठ मैलांवर, म्हसवडच्या अंगाला जाणारी गाडीवाट होती. ओढा ओलांडला की चढावर मोठी चिंच, आणि चिंचेशेजारी लोकल बोर्डाची शाळा. तेव्हा हा सगळा सातारा जिल्हाच. एक लांबट खोली, पुढं ओसरी, वर कौलं, मागच्या भिंतीला एक खिडकी. बिगरीपासून चौथीपर्यंत मिळून चाळीसेक पोरं. हेडमास्तर लांबच्या रजेवर गेले होते, म्हणून चार्ज माझ्याकडे. मी चोवीस वर्षांची, विधवा, ट्रेनिंग करून आलेली, आणि स्वतःच्या अक्षराचा व खरेपणाचा भलता ताठा असलेली. हा ताठा लक्षात ठेवा.

शाळा बोर्डाची असली तरी तिला जगवत होत्या भोवतालच्या वस्त्या. गावठाण, माळीवस्ती, ओढ्यापलीकडची वाडी आणि वर माळावरची धनगरवस्ती. दर शनिवारी एका वस्तीची पाळी. त्या वस्तीच्या पोरींनी शेण आणायचं आणि सकाळची शाळा भरायच्या आत खोली सारवून टाकायची. त्यात काय चुरस असायची, विचारू नका! "माळ्याच्या पोरींनी कोपरं सोडल्यात बगा बाई," म्हणून धनगरांच्या पोरी माझे कान भरायच्या. मला तर पट्टे बघून कुठल्या पोरीचा हात आहे ते सांगता यायचं. प्रत्येकीचा फेर वेगळा, दाब वेगळा.

धनगरवस्तीची तानी अकरा वर्षांची. तिचं सारवण सगळ्यांत देखणं. पण पोरगी डावरी! सगळ्यांचे पट्टे उजवीकडून वळत यायचे, तानीचे उलटे. शाळेत शिरताच कळायचं की आज तानीनं सारवलंय. बाकीच्या पोरी कुरकुरायच्या, डाव्या हातानं सारवलेली भुई अशुभ म्हणायच्या. त्यांना मी गप्प करायची. पण पाटीवर तीच पोर डाव्या हातानं लिहायला लागली की माझ्या हातात शिसवी रूळ असायचा. "उजवा हात देवानं कशाला दिलाय गं?" म्हणून मी तिच्या डाव्या हातावर रूळ मारत असे. रोज. तिचं डाव्या हाताचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि उजव्या हातानं नुसत्या कावळ्याच्या तंगड्या. तरी मी मारत होते. आमच्या वेळी असंच शिकवत.

तेव्हा चळवळीचे दिवस. भूमिगत मंडळी गावोगाव लपून असायची, आणि गावं त्यांना पोटात घालायची. एका मंगळवारी दोन माणसं शाळेत आणून ठेवली. एकाला सगळे 'वस्ताद' म्हणायचे, चाळिशीचा, दणकट. दुसरा श्रीपती, जेमतेम विशीचा, हिवतापानं फणफणलेला. मी खोली त्यांना दिली आणि वर्ग चिंचेखाली घेतले. गुरुवारी श्रीपतीचा ताप डोक्यात जायला लागला, तेव्हा तानीच्या बापाला, नामाला, मी हिवतापावरचं कोयनेल आणायला विट्याला धाडलं. नामा दर गुरुवारी लोकर घेऊन विट्याला जायचाच, कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं.

"कुणाला सांगू नकोस हं नामा. अगदी वस्तादांनासुद्धा नाही. मीच आणलं म्हणेन," मी बजावलं. जितक्या कमी कानांवर तितकं बरं, एवढाच माझा हिशेब.

"न्हाई सांगत बाई. आईच्यान," नामा म्हणाला. आणि दिवस मावळायच्या आत पुड्या घेऊन हजर झाला.

आता माझी चूक ऐका. अशी चूक एखादी मास्तरीणच करू शकते. त्याच मंगळवारी संध्याकाळी आठवड्याचा रिपोर्ट तालुक्याला जायचा होता. त्यात वर्ग कुठे भरला हा रकाना. 'खोलीत' असं खोटं लिहायला माझा हात धजेना. पुढं पाहणीला कुणी साहेब आले आणि पोरांनी 'चिंचेखाली' म्हणून सांगितलं, तर माझ्या वहीत खोटं निघेल — या एका भीतीनं मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'खोली रिकामी नसल्यामुळे वर्ग चिंचेखाली भरविला.' पाहुण्यांचं नाव नाही, काही नाही. खरंही लिहिलं आणि गुपितही राखलं, म्हणून मी वर स्वतःवर खूश!

शनिवार उजाडला. पाळी धनगरवस्तीची. खोलीत माणसं आहेत म्हणून बाकीच्या पोरी आल्या नाहीत, पण तानी शेणाची पाटी घेऊन आली. "आमची पाळी हाय बाई, चुकवाय न्हाई. निजू द्या त्यास्नी, मी कडंकडंनं सारवती." श्रीपती घोंगडीवर पडलेला, वस्ताद खिडकीशी बसलेला. तानीनं लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मी ओसरीवर तक्ता पुसत होते.

पोलीस ओढ्यातून वर आले. वीस-पंचवीस तरी होते, सगळे बंदुकवाले. मी "वस्ताद!" म्हणून ओरडले तोवर फौजदार ओसरीवर होता. त्यानं मला एका हातानं बाजूला लोटलं आणि हसत म्हणाला, "खोली रिकामी नाही म्हणे. करू की रिकामी!"

माझंच वाक्य होतं ते. कुणी चुगली केली, कुठून बातमी गेली, हे मला त्या क्षणीच कळलं.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. वस्तादांनी खिडकीतून उडी टाकली आणि निसटले. दारातल्या शिपायानं खिडकीवर गोळी झाडली आणि खिडकीखाली तानी उकिडवी बसून सारवत होती. गोळी तिच्या गळ्याखाली लागली. ती ओरडलीसुद्धा नाही हो, नुसती शेणाच्या ओल्या भुईवर आडवी झाली. मी तिच्याकडं धावले तर दंडाला धरून मला मागं खेचलं. श्रीपतीला त्यांनी घोंगडीसकट फरपटत ओसरीवर आणलं आणि चिंचेखाली बसलेल्या चाळीस पोरांच्या देखत बंदुकीच्या दस्त्यांनी कुटलं. हाडं मोडल्याचा आवाज ओल्या काटक्या मोडल्यासारखा येतो. तो विट्याला पोचायच्या आधीच गेला, असं नंतर कळलं.

तानीला मी मांडीवर घेतलं तेव्हा ती संपली होती. डावा हात कोपरापर्यंत शेणानं भरलेला. खोली निम्मीच सारवून झाली होती.

नामा आणि सखू, तिची आई, धावत आले. सखूनं पोरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आक्रोश केला. "बाई, तुमच्या शाळंत आली वं माजी लेक! तुमच्या शाळंत!" मी तिला थोपटत होते. ज्या हातानं तो रिपोर्ट लिहिला त्याच हातानं. आणि मी काही बोलले नाही.

आठवडाभर मी बोलले नाही. शाळा बंद. मी स्वतः मागची खिडकी फळ्या ठोकून बंद करवली, दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कनवटीला. आत भुईवर रक्ताचा मोठा काळा डाग, अर्धी भुई सारवलेली, अर्धी तशीच पांढरट, उकललेली. तिकडं बघण्याची माझी छाती नव्हती.

शुक्रवारी गावात कुजबुज आली. फितूर सापडला म्हणे... नामा! गुरुवारी विट्यात पोलीस लायनीजवळ त्याला कुणीतरी बघितलं होतं. दवाखाना तिथंच, पण हे कुणाच्या ध्यानात येणार? वस्ताद ठरवून मोकळे झाले होते की शनिवारी सकाळी, जिथं रक्त सांडलं तिथंच, सगळ्या वस्त्यांसमोर नामाचे दोन्ही पाय गुडघ्यापासून मोडायचे. धनगराचे पाय गेले म्हणजे राहिलं काय? मेंढरं गेली, भाकरी गेली. शिवाय पोटची पोर विकून खाल्ली हा कलंक जन्माचा. एका शब्दानं मी त्याला सोडवू शकत होते. आणि भेकडासारखी मी ठरवत होते की त्या दिवशी ताप आला म्हणून घरातच पडून राहायचं.

शनिवारी उजाडता उजाडता निरोप आला — 'शाळा उघडा.' किल्ली माझ्याकडे. जाणं भागच होतं. मी एकटी चढ चढून गेले, कुलूप काढलं, दार ढकललं...

ताज्या शेणाचा वास नाकात भरला.

खोली सारवलेली होती. पूर्ण. ओली. जिथं तानी थांबली होती तिथून पुढं उरलेली निम्मी भुई, रक्ताच्या डागावरूनही, दारापर्यंत. सगळे पट्टे उलटे. डावीकडून वळलेले, एकसारखे, देखणे. एवढंच असतं तर मी खाली बसले नसते. कोपऱ्यात माझी दप्तराची लाकडी पेटी असायची. रिपोर्टांच्या नकला त्यात. 'पेटीला शेण लागता कामा नये' म्हणून मी तानीला इतकी रागवायची की ती पेटीपासून वीतभर जागा सोडूनच सारवायची. आज सारवण थेट पेटीला भिडलं होतं. आणि झाकणावर मधोमध एक पंजा उमटला होता. डाव्या हाताचा. लहान.

मी माझा डावा हात त्याच्यावर धरून बघितला. माझी बोटं एक पेर पुढं जात होती.

खिडकीच्या फळ्या जागच्या जागी. भुईवर माझ्याखेरीज कुणाचं पाऊल नाही. सारवत मागं सरकणारी बाई शेवटी दारातून बाहेर पडते, पण दाराला तर बाहेरून माझं कुलूप! मी घाबरले का? नाही. खरं सांगते, मला भीती वाटलीच नाही. लाज वाटली. इतकी लाज की मी त्या ओल्या भुईवर कपाळ टेकून रडले.

तोवर बाहेर माणसं जमली. चारी वस्त्या आल्या होत्या. नामाला ओसरीवर पालथा पाडला, पाय वर करून खांबाला बांधले. सखूला बायकांनी मागं धरून ठेवली होती. दोघेजण वेताच्या काठ्यांनी नामाच्या तळपायांवर मारू लागले. दहा... बारा... कातडं फुटून रक्त ओसरीच्या कडेनं ओघळायला लागलं.

"कशापायी गेलतास इट्याला? बोल रं!" वस्ताद ओरडत होते.

"लोकर इकाय गेलतो," नामा म्हणाला. प्रत्येक फटक्याला तेवढंच. "लोकर इकाय..."

त्यानं मान वळवली आणि दारात उभ्या माझ्याकडं बघितलं. फक्त बघितलं. मला शब्द दिला होता ना त्यानं! 'बाईंनी कोयनेल आणाय धाडलं' एवढं म्हणाला असता तर सुटला असता. स्वतःची पोर माझ्यामुळं गेली हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि माझं नाव राखायला तो माणूस पायाची चाळण करून घेत होता.

एकानं गुडघ्यावर घालायला लोखंडी पहार उचलली.

"थांबा!" मी ओरडले. "त्याला मी धाडलं होतं! औषध त्यानं आणलं, मी नाही! आणि पोलिसांना... पोलिसांना मी कळवलं!"

मी पेटी उघडली, रिपोर्टाची नक्कल काढली आणि सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचली. फौजदार काय म्हणाला तेही सांगितलं. आठ दिवस गप्प बसले तेही.

वस्तादांना काय करावं सुचेना. बाईमाणूस, त्यात मास्तरीण. गर्दीतून कुणीतरी "हिलाबी बांदा!" म्हणालं, कुणी दगड भिरकावला, तो माझ्या कपाळाला लागला. आणि मग सखू बायकांचे हात झटकून पुढं आली. ओसरी चढली, आत डोकावली. भुई बघितली. मग पेटीवरचा पंजा बघितला आणि तिच्या घशातून जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे.

माझ्या टेबलावरचा शिसवी रूळ तिनं उचलला.

"कंच्या हातानं लिवलंस?" तिनं विचारलं. मला आजवर ती 'आवं बाई, तुमी' म्हणत आली होती.

मी उजवा हात पुढं केला. तिनं मनगट धरून तो उंबऱ्याच्या दगडावर ठेवला. मी काढून घेतला नाही, कुणी मला धरलंही नव्हतं. पहिल्या फटक्याला दोन बोटं मोडली. नंतरचे मोजले नाहीत. तिनं रूळ मोडेपर्यंत मारलं, आणि रूळ मोडल्यावर माझ्याच पुढ्यात बसून छाती बडवून घेतली. नामा बांधलेल्या जागेवरून ओरडत होता, "सखे, बास! बास गं! आपली बाई हाय ती!"

आपली बाई. त्याही वेळी.

हात सांगलीच्या दवाखान्यात बांधला, पण हाडं वेडीवाकडी जुळली. आजही मूठ वळत नाही. 'पडले' म्हणून सांगितलं. नोकरीतलं ते पहिलं खोटं. नामा दोन महिन्यांनी उठला, लंगडत का होईना मेंढरांमागं जाऊ लागला. बदली मागून घ्यावी असं शंभरदा मनात आलं, पण कुठल्या तोंडानं पळणार होते?

धनगरवस्तीचं एकही पोर त्या वर्षी शाळेत आलं नाही. त्यांच्या पाळीचे शनिवार मी स्वतः सारवायची, डाव्या हातानं. पुढच्या जूनमध्ये सखू चढ चढून आली. हाताला धरून धाकटी रंगी.

"हिला शिकवा," माझ्याकडं न बघता म्हणाली. "आन् ही उजवी हाय. पर उद्या पाळण्यातलं डावरं निगालं, तर त्याला मारू नगा."

"नाही मारणार गं," मी म्हणाले.

आता तुमचा प्रश्न. सारवलं कुणी? माझा भाचा इंजिनिअर आहे, त्याचं म्हणणं, "मावशी, अपराधी मनानं तूच रात्री जाऊन सारवलं असशील." बरं बाबा. मग माझ्या नखांत शेण का नव्हतं? पंजा लहान का? आणि तेव्हा मला डाव्या हातानं साधी लेखणीसुद्धा धरता येत नव्हती! सखूनं केलं म्हणावं, तर ती उजवी, आणि त्या रात्री नामाला वस्तीवरच बांधून ठेवला होता. ती राखणदारांच्या पाया पडत उजाडेपर्यंत तिथंच होती, हे पन्नास माणसांनी बघितलेलं. चौथा मार्ग मला सापडलेला नाही. झाकणावरचा पंजा पंधरा दिवसांत वाळून, पापुद्रे सुटून पडून गेला. मी तो पुसला मात्र नाही. पेटी अजून माझ्या कॉटखाली आहे.

तर संपादक महाराज, अक्षराबद्दल माफी असावी. तेव्हापासून डाव्याच हातानं लिहिते आहे आणि इतकी वर्षं गिरवूनही अजून वळण आलेलं नाही. तानीचं याहून कितीतरी चांगलं होतं.